सीताफळाचा गोतावळा

ऑक्टोबरात बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलं, की रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका दिसतात. त्या टोपल्यांतली बरीचशी फळं कुणी लावलेल्या झाडांची नसतात. बालाघाटच्या उतारावर, मुरमात, दगडाच्या फटीत हे झाड आपलं आपण येतं. त्याला ना पाणी, ना खत, ना राखण. राखणीची गरजच पडत नाही, कारण शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही. पानांत आणि बियांत कडू, विषारी द्रव्यं असतात. बी कुटून उवांसाठी डोक्याला चोळायची रीत जुनी आहे, आणि ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो ही ताकीदही तितकीच जुनी. बोरी-बाभळीचे कोंब शेळ्या खुडत राहिल्या आणि सीताफळ तेवढं सुटलं. डोंगरावर आज जी झाडी दिसते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईने अशी निवडून ठेवलेली आहे.

नाव सीतेचं, पण झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. त्याचं भावंड रामफळही तिकडचंच. इथे आल्यावर दोघांना आपण रामायणात दाखल करून घेतलं, यावरून ती इथे किती रुळली ते कळावं. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीपासून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईत काम करत आहे, आणि तिथून आलेल्या ‘धारूर-६’ या वाणाच्या नावातच या डोंगराचा पत्ता आहे.

डोंगरावरचं हे झाड शेतात आणून ओळीने लावलं, की मात्र त्याचे नखरे सुरू होतात. पिठ्या ढेकूण येतो, फुलं गळतात, फळं वाकडी होतात. डोंगरावर त्याच्या बुडाशी गवत होतं, तरोटा होता, पडलेल्या पानांचा थर होता, दगडाखाली धरून ठेवलेली ओल होती. शेतात आपण ते सगळं कुळवून, तणनाशक मारून स्वच्छ केलं. झाड आणलं, त्याचा गोतावळा डोंगरावरच राहिला.

पर्माकल्चर म्हणतात ती शेतीची विचारपद्धत नेमकी या गोतावळ्यावर बोट ठेवते. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी १९७८ साली हा शब्द पुस्तकातून जगापुढे आणला. फळझाड एकटं लावू नका, त्याच्याभोवती वेगवेगळी कामं वाटून घेणारी झाडंझुडपं लावा, असं ते सांगतात. कुणी नत्र आणायचं, कुणी जमीन झाकायची, कुणी मित्रकिडींना मध पुरवायचा, कुणी कुंपण व्हायचं. अशा मेळाला त्यांच्याकडे ‘गिल्ड’ म्हणतात. मी गोतावळा म्हणतो, कारण गोतावळ्यात कामाच्या माणसांबरोबर त्रासाची माणसंही असतात, आणि फळबागेतही तसंच असतं.

अडचण अशी, की या विषयावरची बहुतेक पुस्तकं थंड प्रदेशातली. त्यांत मध्ये सफरचंद असतं, भोवती लसणीच्या जातीची रोपं, रुंद पानांची हिरवळ, आणि पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडत असतो. तो आराखडा पाटोद्याच्या माळावर आणून ठेवला, तर पहिल्याच मार्चमध्ये सोबती मरतील, नाहीतर सोबत्यांना जगवायला झाडाच्या तोंडचं पाणी काढावं लागेल. बीडमध्ये सोबत्याची निवड करताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो. हा जाणार कधी?

थोडा हिशेब मांडू. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, अंबाजोगाईकडे थोडा जास्त, आष्टीकडे कमी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सीताफळ पाच बाय पाच मीटरवर लावलं, तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला २५ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे सरासरीच्या वर्षी सुमारे १६ हजार लिटर पाणी तिथे आकाशातून पडतं. पावसावरच्या सीताफळाला हे पुरायला हरकत नाही. पण ते पडतं चार महिन्यांत, त्यातही मोजक्या मोठ्या सरींत. मुरमाड उतारावरून बरंचसं वाहून जातं, उरलेलं उन्हाने उडतं. तेव्हा गोतावळ्याचं पहिलं काम पाणी अडवायचं, दुसरं ते झाकून ठेवायचं. नत्र, मध, मित्रकिडी हे सगळं त्यानंतरचं.

आणि ज्याने पावसाळ्यात पाणी अडवलं, त्यानेच हिवाळ्यात ते पिऊन टाकलं तर काय उपयोग? म्हणून इथला चांगला सोबती मृगात येतो आणि श्रावण-भाद्रपदात आडवा होतो. मेल्यावर त्याचं खरं काम सुरू होतं.

ताग हे याचं सर्वांत सोपं उदाहरण. पहिल्या पावसाबरोबर ओळींच्या मधल्या पट्ट्यात दाट फेकायचा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तो फुलावर येतो. पिवळी फुलं दिसायला लागली, की विळ्याने कापून झाडाच्या घेरात पसरायचा. पोळ्यापर्यंत थांबलं तर खोडाची काठी होते आणि कुजायला वेळ लागतो. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. द्विदल पीक शेजारच्या झाडाला जिवंतपणी नत्र वाढत बसतं, असं सर्रास सांगितलं जातं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात हे खरं, पण ते आधी त्या पिकाच्याच पानाखोडात जातं. शेजाऱ्याला त्यातलं फार थोडं मिळतं. ते मोकळं होतं पीक कापून कुजल्यावर. शेंगा तोडून, पाला जनावराला घालून, धसकटं तेवढी रानात ठेवली, तर झाडाच्या हाती विशेष काही लागत नाही. हे पाप नाही, जनावरालाही खायला हवं. फक्त मग ‘नत्र दिलं’ असं वहीत लिहू नये.

ज्याला पट्ट्यातून चार पैसे किंवा घरची डाळ हवी, त्याच्यासाठी मूग, उडीद, चवळी, मटकी आहेत. हुलगा तर या मातीचाच. हलक्यात हलक्या रानात तो जमीन झाकतो, शिवाय घरात शेंगोळ्यांची सोय होते. आमच्याकडची जुनी माणसं मुख्य पिकाच्या मधून दुसऱ्या पिकाच्या ओळी टाकायची, त्याला इरवड म्हणायची. पर्माकल्चरचं अर्धं शहाणपण या एका शब्दात होतं, फळझाड तेवढं मध्ये नव्हतं. चवळीचा आणखी एक गुण म्हणजे तिच्यावर मावा लवकर येतो. शेतकरी यावर कपाळाला हात लावतो, पण तो मावा खायला ढालकिडे येतात, तिथे वाढतात आणि पुढे शेजारच्या झाडावरचे पिठ्या ढेकणाचे पुंजकेही फस्त करायला लागतात. सोबतीच्या पिकावर थोडी कीड असणं ही मित्रकिडींची शिदोरी असते. तिच्यावर फवारा मारला, की शिदोरीही गेली आणि पाहुणेही गेले.

तुरीबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. फळबागेत तूर घ्या, तिचं सोटमूळ खोल जातं, जमीन फोडतं, पानगळ भरपूर होते, असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण सीताफळाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते आणि त्याच वेळी तूर खांद्याला लागलेली असते. फळ त्याचे डोळे, म्हणजे सालीवरचे फुगवटे, उघडल्यावर लगेच तोडावं लागतं, दर दोन दिवसांनी ओळीतून फिरावं लागतं. तुरीच्या दाटीतून पाटी घेऊन एकदा फिरून पाहिलं, की पुस्तकातला आराखडा आणि बाईचं डोकं यांत किती अंतर असतं ते कळतं. शिवाय तूर उठते डिसेंबर-जानेवारीत, तोवर खालची ओल ती ओढत राहते. लहान झाडांच्या बागेत, पहिली दोन वर्षं, ती सावलीलाही बरी आणि वाऱ्यालाही. नंतर ती बांधावर न्यावी.

आता फुलाकडे येऊ, कारण सीताफळाचं सगळं गुपित तिथे आहे आणि त्याच्याकडे बघायला कुणी थांबत नाही. फूल हिरवट-पिवळं, तीन जाड पाकळ्यांचं, मान खाली घालून लोंबणारं. त्याला रंग नाही, डामडौल नाही, म्हणून मधमाशी सहसा तिकडे फिरकत नाही. या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे त्याच फुलातला पराग त्याच फुलाला बहुधा उपयोगी पडत नाही. एका फुलातून दुसऱ्यात पराग नेण्याचं काम करतात तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी-काळे भुंगेरे. ते पिकलेल्या, आंबलेल्या फळांच्या वासावर येतात आणि सडक्या फळांतच वाढतात. इस्रायल आणि ऑस्ट्रेलियात सीताफळाच्या जातभाईंच्या बागांत आंबलेल्या फळांची आमिषं ठेवून या भुंगेऱ्यांना बोलावण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे मात्र बाग इतकी झाडून-पुसून घेतात, की भुंगेऱ्याला राहायला पालापाचोळा उरत नाही.

सीताफळावरचा प्रत्येक फुगवटा, ज्याला आपण डोळा म्हणतो, तो फुलातल्या एकेका स्वतंत्र बीजकोषातून होतो. जिथे पराग पोचला तो डोळा फुगतो, जिथे नाही तो दबून राहतो. बाजारात वाकडं सीताफळ दिसलं, तर त्याच्या एका बाजूला भुंगेरा पोचला नव्हता, असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

त्यात हवेचा वाटा मोठा. एप्रिल-मेमध्ये झाड फुलायला लागतं, पण त्या कोरड्या, तापलेल्या हवेत स्त्रीकेसराचा चिकटपणा वाळून जातो आणि फुलं गळतात. फळ धरतं ते बहुतांशी जून-जुलैत, हवेत दमटपणा आल्यावर. म्हणूनच उघड्या, कुळवलेल्या जमिनीवरच्या झाडाला मृगाचा एक पाऊस पडून पंधरा दिवसांची उघडीप आली की फटका बसतो. तेच झाडाच्या घेरात जाड आच्छादन असेल, पट्ट्यात ताग-चवळी गुडघाभर उभी असेल आणि पश्चिमेकडून वारा अडवणारी शेवरी-शेवग्याची ओळ असेल, तर बुडाशी हवा थोडी गार, थोडी ओलसर राहते. सोबतीच्या पिकाचा या झाडाला होणारा हा फायदा मला नत्रापेक्षा मोठा वाटतो.

गोतावळ्यातली नको ती मंडळी कोण, तेही पाहू. सीताफळाचा मोठा शत्रू पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला अक्षरशः पाळतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. सोबतीचं पीक वाढून फांद्यांना टेकलं, की मुंग्यांना शिडी मिळते. म्हणून खोडापासून हातभर जागा मोकळी, आणि खालच्या फांद्या जमिनीपासून गुडघाभर वर छाटलेल्या. आच्छादनही खोडाला चिकटवायचं नाही, नाहीतर वाळवी चढते. पिठ्या ढेकणाची एक गुलाबी जात जास्वंद, अंबाडी, भेंडी, कापूस या कुळावर आनंदाने जगते. बांधावर अंबाडी लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे, भाजीला चांगली, दोराला चांगली. सीताफळाच्या बांधावर मात्र ती नको. गाजर गवतही या ढेकणाला आसरा देतं, आणि ते हटवायला तरोटा कामाला येतो. तो दाट उगवला, की गाजर गवताला जागा देत नाही. ज्याला आपण तण म्हणून उपटतो, त्याला फुलाआधी कापून झाडाखाली टाकावं, एवढाच बदल.

आतापर्यंतचं सगळं घाटावरचं झालं. घाट उतरून गेवराई-माजलगावकडे गेलं, की गंगथडीची काळी माती लागते. गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. तिथलं झाड मोसंबी, आणि मोसंबीचा स्वभाव अगदी वेगळा. सीताफळ डोंगरातला माणूस, मोसंबी पाटपाण्याची. २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, लोकांनी सरपणाला तोडल्या, पण डोंगरातलं सीताफळ पुढच्या पावसात पुन्हा फुटलं.

मोसंबीच्या आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. तो ताण नीट बसला, तर जानेवारी-फेब्रुवारीत एकदम फूल निघतं. अशा वेळी ओळींत पाणी देऊन हरभरा किंवा कांदा घेतला, की त्याचं पाणी मोसंबीच्या मुळांना लागतं, ताण तुटतो आणि बहार मागेपुढे होतो. टोमॅटो-वांगी तर नकोतच. सततची ओल डिंक्या रोगाला आमंत्रण देते आणि सूत्रकृमी वाढतात. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतात, त्या आतल्या आळ्यात कोथिंबीर टाकायचा मोह अनेकांना होतो. ती जागा कोरडी राहावी म्हणूनच आळं दुहेरी केलेलं असतं, हे विसरून जातात.

मोसंबीच्या नावडत्या पाहुण्यांची यादी तर फारच बोलकी आहे. करोनाच्या साथीनंतर घरोघरी गुळवेल आली, कुणी बांधावरच्या कडुलिंबावर चढवली. गुळवेल आणि वासनवेल या दोन वेलींवर फळातला रस शोषणाऱ्या पतंगाची अळी वाढते. अळी मोसंबीला काही करत नाही. पण तिचा पतंग झाला, की तो ऑगस्ट ते ऑक्टोबरात रात्री येऊन पिकायला आलेल्या फळात सोंड खुपसतो. भोक पडतं, फळ सडतं, गळतं. दिवसा बागेत जाऊन पाहिलं तर चोर दिसत नाही, कारण त्याचं बालपण बांधावर आणि चोरी रात्रीची. तसाच कढीपत्ता. तो मोसंबीच्याच कुळातला, त्यामुळे पानं खाणारी लिंबाच्या फुलपाखराची अळी आणि रस शोषणारा सायला हे दोघं त्याच्यावरही मुक्काम करतात. परसात कढीपत्ता जरूर लावा, मोसंबीच्या ओळीत नको. सोबतीची पिकं निवडताना फळझाडाचं कूळ टाळायचं, हा नियम इथे स्वयंपाकघरापर्यंत पोचतो.

झेंडूचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण झेंडू लावला की सगळ्या किडी पळतात, असं मानणारा मोठा वर्ग आहे. झेंडूच्या मुळांतून निघणारं द्रव्य काही सूत्रकृमींना मारतं, हे सिद्ध आहे. पण त्यासाठी तो पट्टाभर, दाट आणि काही महिने उभा असावा लागतो. झाडाला एक याप्रमाणे शोभेला लावलेला झेंडू सूत्रकृमींच्या गावीही नसतो. उलट कोरड्या दिवसांत त्याच्यावर लाल कोळी माजतो. तरीही पावसाळी सीताफळाच्या पट्ट्यात मी झेंडूला मत देईन, ते दसऱ्यासाठी. सीताफळाची गाडी बाजारात जाते त्याच आठवड्यात झेंडूचंही पोतं त्याच गाडीत चढतं.

तुळशीची गंमत निराळी. तिच्या पानांत असलेल्या एका सुगंधी द्रव्याकडे फळमाशीचे नर ओढले जातात. म्हणजे आंब्या-पेरूजवळ तुळस लावून माशी पळेल असं नाही, ती येईल. पण येणार कुठे ते आपल्याला कळलेलं असतं. कुस्करलेला पाला घातलेला सापळा तिथे टांगला, तर तिच्या येण्याचाच उपयोग होतो.

आपल्या बाजूला या विचाराची माणसं नव्हती असं नाही. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून द्राक्षबागायतदारांना पान आणि ऊन मोजायला शिकवलं. महाराष्ट्राच्या सीमेला लागून उंबरगावजवळच्या देहरी गावात भास्कर सावे यांनी चिकू-नारळाच्या बागेत अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी झाडांची अशी मांडणी केली, की भाजीपाला उठेपर्यंत केळी-पपई सावली धरायची आणि त्या उठेपर्यंत चिकू आपल्या पायावर उभा राहायचा. २०१५ साली ते गेले. त्यांच्या बागेला समुद्राची दमट हवा आणि बीडच्या कितीतरी पट पाऊस होता, म्हणून केळी आपल्या कामाची नाही. पण पाहुणे किती दिवसांचे हे आधी ठरवून मगच बोलवायचं, ही त्यांची रीत इथे तंतोतंत लागू पडते.

बीडमध्ये पाहुण्यांइतकाच घरधन्याचाही मुक्काम मोजावा लागतो. दसरा-दिवाळी झाली, की जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीचा ‘कोयता’ ठरलेला असतो, ते परत येतात मार्च-एप्रिलात. सहा महिने शेतात म्हातारा-म्हातारी आणि शाळेतली पोरं. १९९०-९१ पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून अशा कुटुंबांच्याही कोरडवाहू रानांत फळझाडं आली. त्यांच्यासाठी गोतावळा आखायचा तर रोज लक्ष मागणारं एकही झाड त्यात चालणार नाही.

अशा बागेत मी कामाचा क्रम उलटा लावीन. सुरुवात बांधापासून. उतारावर समतल चर किंवा झाडाच्या वरच्या अंगाला मातीपेक्षा दगडाचा अर्धचंद्र बांध, कारण मोठी सर मातीला नेते. चराच्या मातीवर गिरिपुष्पाची काडी, म्हणजे आपली उंदीरमारी. ती पावसाळ्यात दोन-तीनदा छाटली तरी पुन्हा फुटते, छाटलेला पाला लवकर कुजतो, आणि उन्हाळ्यात ती स्वतःच पानं गाळून गप्प बसते, पाणी मागत नाही. तिच्या पायाशी मारवेल गवत माती धरायला. सुबाभूळ मात्र नको, ती बियांनी पसरते आणि दहा वर्षांनी बाग तिची होते. मग ओळींत ताग, एखाद्या पट्ट्यात हुलगा, एखाद्यात झेंडू.

तोडणी उरकली, ऊसतोडीला नेणारा ट्रॅक्टर दारात यायला चार दिवस उरले, की शेवटचं काम गिरिपुष्पाची छाटणी आणि गवताची कापणी. ते सगळं झाडांच्या घेरात पसरायचं, हस्ताच्या पावसाची ओल खाली असतानाच. बाहेरच्या कडेने आठ-दहा फुटांचा पट्टा मात्र उघडा, पूर्ण साफ ठेवायचा. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो आणि वाळलेल्या आच्छादनाला एक ठिणगी पुरते.

सीताफळ डिसेंबर-जानेवारीपासून पानं गाळायला लागतं. तीही तिथेच पडू द्यायची. झाड झोपलेलं, जमीन झाकलेली, पाणी मागणारं रानात कुणी नाही. फक्त बांधाच्या कडेने, हस्ताच्याच ओलीवर पेरलेल्या करडईच्या दोन ओळी. ज्वारीच्या रानाला गुराढोरांपासून वाचवायला आपल्याकडे काठाने करडई पेरतातच. काटे टणक झाले, की गाय तिकडून वळून जाते. फेब्रुवारीत म्हातारी हाताला फडकं गुंडाळून ती उपटते, बडवते, आणि घाण्यावर तेल काढून आणते, कोयता परतेपर्यंत पुरेल इतकं.